तपासणारी: वनमाला, दिंद्रुड

आदिनाथने शेवटच्या ओळीत आत्याचं नाव टाकलं आणि बटण दाबून मोकळा झाला. कर्नलची नवी आवृत्ती रविवारी संध्याकाळी सोडायची, असा गटाचा शिरस्ता. पण या रविवारी माजलगावात त्याचाच साखरपुडा होता, आणि नवरदेव मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला सासरच्यांना कितपत रुचला असता कोण जाणे. म्हणून शनिवारी दुपारीच उरकलं.

कर्नल म्हणजे संगणक सुरू होताना आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा भाग. आदिनाथच्या गटाचा कर्नल फुकट आणि सगळ्यांना खुला होता. तो जुन्या यंत्रांवर चालतो ही त्याची ख्याती, त्यामुळे दर आवृत्तीखाली तपासणाऱ्याचं नाव लागे. तीन वर्षं ते नाव वनमालाआत्याचं होतं. दिंद्रुडच्या स्टँडसमोर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तिथला चौदा वर्षांचा संगणक इतका खडूस, की त्यावर चाललं ते कुठंही चालावं. शुक्रवारी आदिनाथ तिला पेनड्राइव्ह देई, शनिवारी सकाळी ती चालवून बघे आणि सांगे, "हाय चालू." तीन वर्षांत तिने दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन तो आत्याच्या दुकानात शिरला. आत्या संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसली होती. बाकावर तीन बायका कागदांच्या पिशव्या धरून ताटकळलेल्या.

"फोन कावून उचलीना रे? सकाळधरनं सात येळा लावला."

"शेरवानी बघायला गेलतो. आवाज बंद होता. काय झालं?"

"तुझं नवं घातलं आन् हे असं बसलंय. उठंनाच."

पुडा खाली ठेवायचंही आदिनाथला सुचेना. खिशातून फोन काढला. सात कॉल आत्याचे, आणि गटाकडे आलेले निरोप. पहिला नेपाळातल्या एका शाळेचा होता.

"वाच," आत्या म्हणाली.

"आमचे बावीस संगणक बंद पडलेत. वनमाला यांनी तपासलंय म्हणून निर्धास्तपणे घातलं."

आत्याने पदर तोंडाशी नेला.

"मी कवा चालतंय म्हणले? मी तर न्हाई म्हणायला फोन लावत होते."

त्याला तिच्याकडे बघवेना.

"आत्ताच मागं घेतो, आत्या. तुझं नावबी काढतो."

आत्याने खणातून मागच्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह काढून लावला. संगणक कुरकुरत जागा झाला. तिने पहिल्या बाईला हाक मारली आणि तिचं आधार कार्ड हातात घेतलं. आदिनाथ तिच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसला. आवृत्ती मागे घेतली, शाळेला दुरुस्ती कळवली, मग खालची नावाची ओळ पुसायला घेतली.

"नाव ऱ्हाऊ दे," फॉर्मवरची नजर न काढता आत्या म्हणाली. "फकस्त खरं लिव. वनमालानं सकाळीच बघितलं, चालत न्हाई."

त्याने तसंच लिहिलं.

"आन् मग सोडलं कसं, तेबी लिव. इचारतील लोक."

आदिनाथची बोटं थांबली. शेजारी आत्या त्या बाईला जन्मतारीख विचारत होती, नीट ऐकू न आल्याने पुन्हा विचारत होती, मगच टाइप करत होती.

त्याने लिहिलं: सोडणाऱ्याने तिला विचारलं नव्हतं.