पाव फेरा जास्त

रविवार उजाडला की मोरिवलीतल्या त्या बैठ्या चाळीसमोर मोटरसायकली रांगेने उभ्या राहत. कोणाची चेन सैल, कोणाचा ब्रेक कुरकुरणारा, कोणाचा आरसा मान टाकलेला. गॅरेजला कशाला जायचं? महेंद्र आहे की! "महेंद्रभाऊ, जरा बघता का?" एवढं म्हटलं की माणूस बाह्या सरसावून खाली बसलाच म्हणून समजा. एका चहापलीकडे त्याने कोणाकडून काही घेतलं नाही. काम संपलं की तो पान्याच्या दांड्यात हातभर लोखंडी पाईप घालायचा, अंगाचा सगळा भार टाकून बोल्ट शेवटचा आवळायचा आणि म्हणायचा, "आता याला हत्तीसुद्धा हलवणार नाही!"

चाळ खूश व्हायची. जितकं घट्ट तितकं पक्कं, हा तुमचा-आमचा सगळ्यांचाच समज.

आता गंमत बघा. हाच महेंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप जोडायचा. तिथे त्याच्या हातात टॉर्कचा पाना असे. बोल्ट ठरल्या मापाला आवळला गेला की तो पाना 'कट्' असा आवाज करतो. आवाज आला की हात थांबला पाहिजे. मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे हा बोल्ट मापात बसला. चुकून एखादा जास्त आवळला गेला तर तो काढून लाल पेटीत टाकायचा, परत वापरायचा नाही. बारा वर्षांत महेंद्रची एक रेघ चुकली नव्हती. आणि घरी? घरी सगळा अंदाज! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

त्याचा धाकटा भाऊ राजरत्न चोवीस वर्षांचा. बदलापूरला एका कुरियरच्या ऑफिसात त्याला नोकरी लागली, तेव्हा महेंद्रने आपली मोटरसायकल त्याला देऊन टाकली. देण्याआधी गाडी ठाकठीक करायला तो रविवारी बसला. पुढच्या चाकाचा ब्रेक जागेवर धरून ठेवणारे दोन बोल्ट असतात, त्यातल्या एकाचं डोकं झिजलं होतं. महेंद्रने उल्हासनगरच्या बाजारातून नवा आणला. चांगला, पारखून आणला. बोल्टात काही खोट नव्हती.

राजरत्न गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून शेजारी उकिडवा बसला होता. "दादा, ह्याच्यात प्रत्येक बोल्टचं माप दिलंय बघ. किती टाईट करायचं ते."

"पुस्तक वाचून फिटर झालास काय रे?" महेंद्र हसला. "हात बसलाय माझा. आणि तू चालवणार म्हणजे जरा जास्तच टाईट करतो."

त्याने पाईप लावला आणि जोर दिला. बोल्ट बसला. आणखी जोर दिला. आणि मग, शेवटचा पाव फेरा, पाना एकदम हलका गेला. हाताला ते कळलं. आवळताना बोल्ट असा अचानक नरम पडला की तो आतून ताणला गेला, त्याचा जीव गेला, हे महेंद्रला झोपेतसुद्धा कळलं असतं. कारखान्यात तो बोल्ट तत्क्षणी लाल पेटीत गेला असता. पण दुसरा आणायचा तर परत उल्हासनगर गाठायचं, आणि घरातून अस्मिता, त्याची बायको, तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती.

"झालं?" राजरत्नने विचारलं.

"झालं. बिनधास्त जा."

नोकरीच्या अकराव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, बदलापूर रस्त्यावर राजरत्नने पुढे खड्डा बघून ब्रेक दाबला. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. तो गाडीवरून फेकला गेला, तो उठलाच नाही.

"खड्ड्याने घात केला." पोलीस म्हणाले, शेजारी म्हणाले, सांत्वनाला आलेले सगळे म्हणाले. महेंद्रही मान हलवत राहिला. आणि त्याची आई चांगुणा? तिने तिसऱ्या दिवशी घमेलं उचललं. चाळीमागे पडलेला विटांचा चुरा भरून ती रिक्षाने त्या जागी गेली आणि खड्डा बुजवू लागली. रोज जायची. गाड्या हॉर्न मारत बाजूने जायच्या. "अजून कोनाचं लेकरू पडायला नको," एवढंच बोलायची. महेंद्र तिला आणायला जायचा. तिच्या हातचं घमेलं घ्यायचा, पण खड्ड्याकडे बघायचा नाही.

सहाव्या दिवशी मोडलेली गाडी परत आली. महेंद्रचे वडील धोंडिबा शहाडच्या एका गिरणीत तीस वर्षं फिटर होते. म्हाताऱ्याने गाडीशेजारी बसून एकेक भाग तपासला. मग त्याने महेंद्रला हाक मारली. त्याच्या तळहातावर पुढच्या ब्रेकचा तुटलेला अर्धा बोल्ट होता.

"मान बघ ह्याची. बारीक झालीय. ओढलेल्या गुळाच्या पाकासारखी. हा तुटला, ब्रेक निसटून चाकात अडकला." धोंडिबांचा आवाज चढला नाही. "पाईप लावला होतास?"

"हो बाबा."

"हाताला कळलं होतं?"

महेंद्रने खाली पाहिलं. "कळलं होतं. शेवटचा पाव फेरा हलका गेला."

"कंपनीत काय केलं असतंस?"

"काढून टाकला असता. नवा लावला असता."

"हां." म्हाताऱ्याने बोल्ट मुठीत घट्ट धरला. "तुझ्या त्या पंपात कोन बसनार होतं रे? पानीच ना? त्या पंपासाठी माप, पिवळी रेघ, सगळं. आणि ह्या गाडीवर तर माझा राजा बसनार होता!"

महेंद्र तिथेच मातीत कोसळला. ओक्साबोक्शी रडला. धोंडिबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "तू मुद्दाम केलं नाहीस, ते मला माहीत हाय. माया होती म्हनून जास्त आवळलंस. पन लोखंडाला माया कळत नाही, त्याला माप कळतं. अति तिथं माती."

"बाबा, खड्डा पण होताच ना..." महेंद्र कसाबसा म्हणाला.

"होता. ज्यांनी ठेवला त्यांना जाब विचारूच. पन खड्डा दिसला म्हनून त्यानं ब्रेक मारला, आणि ब्रेक त्याच्या भावानं बांधलेला होता. ते कोन सांगनार?" त्यांनी चाळीसमोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. "त्या सात गाड्या. सगळ्यांना तुझाच पाईप लागलाय. तू गप्प बसलास तर उद्या दुसरी आई घमेलं उचलंल."

रविवारी विहारात राजरत्नचं पुण्यानुमोदन झालं. त्रिसरण, पंचशील झालं. आदरांजलीला एकेक जण उभा राहिला. कोणी नगरपालिकेवर मोर्चा काढायचं ठरवलं, कोणी निवेदन लिहून आणलं होतं. शेवटी महेंद्र उठला. समोर सतरंजीवर आई बसली होती, नखांत अजून विटांचा चुरा होता.

"जय भीम. खड्ड्यासाठी मोर्चा काढा, मी येईन," तो म्हणाला. "पण माझा भाऊ माझ्या हाताने गेला." आणि त्याने सगळं सांगितलं. पुस्तक, पाईप, पाव फेरा, जेवणाची हाक. एक अक्षर गाळलं नाही.

अस्मिताने पदर तोंडात कोंबला. मागून शेजारचा जयदेव पाटील घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मंग माजे गारीचा काय रं? माजी पोर बसते मागं."

"तुमची आजपासून उभी ठेवा, दादा. सगळ्यांनीच ठेवा. मी एकेक बोल्ट काढतो, नवा लावतो. मापाने लावतो. माझ्यावर विश्वास नसेल तर गॅरेजला न्या, पण तशाच चालवू नका."

चांगुणा उठली. मुलाजवळ आली. "तुला तवाच कळलं होतं?"

"हो आई."

"अन् त्यानं पुस्तक दाखवलं होतं?"

"हो."

ती वळली. चपला घालून एकटीच घरी गेली. त्या दिवसापासून तिने महेंद्रशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, हाक मारायची नाही.

पुढचे तीन रविवार महेंद्र सात गाड्यांपुढे बसला. त्याने टॉर्कचा पाना विकत आणला होता. प्रत्येक गाडीचं पुस्तक त्याने मागून घेतलं, ज्यांचं हरवलं होतं त्यांच्यासाठी शोरूममध्ये जाऊन माप लिहून आणलं. आटे पुसायचे, नवा बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचा, मग पाना. कट्! हात थांबला. पिवळी रेघ. पाईप त्याने भंगारात दिला होता. चार गाड्यांमधले बोल्ट ताणलेले निघाले. जयदेवच्या गाडीचा तर बाहेर काढतानाच तुटला. जयदेवने तो तुकडा हातात घेतला, मुलीकडे पाहिलं आणि तिला जवळ घेतलं.

तिसऱ्या रविवारी चांगुणा बाहेर आली. सातव्या गाडीशी थांबली, कमरेत वाकली.

"बराबर बसलाय, हे कसं वळखायचं?" विचारलं कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

"पिवळी रेघ बघायची, आई. रेघ सरळ असली की बरोबर, तुटक दिसली तर बोल्ट सरकला."

ती पहिल्या गाडीपासून निघाली. प्रत्येक रेघेवर बोट ठेवत, मोतीबिंदूचे डोळे बारीक करत सातवीपर्यंत आली. "हितं नाय लावलीस," म्हणाली. महेंद्रने पाहिलं. खरंच एक राहिली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा राहिली होती. डोळे भरून आल्यावर कुठलं दिसणार? त्याने पुन्हा पाना लावला. कट्. आईने त्याच्या हातातून कुंचला घेतला आणि ती रेघ स्वतः ओढली. म्हाताऱ्या हाताची, पण सरळ.

लोकहो, आपण साहेबांसाठी मोजून काम करतो आणि आपल्या माणसांसाठी अंदाजाने. घरचं आहे, चालतंय, म्हणतो. नाही चालत! स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करा, जरूर करा. पण बोल्ट बदललात तर पुस्तकातलं माप बघा, मापाचा पाना वापरा, आणि हाताला शंका आली तर तो बोल्ट फेकून द्या. दुसरा बोल्ट उल्हासनगरच्या बाजारात केव्हाही मिळतो.

चांगुणा आता दर रविवारी रेघा तपासते. महेंद्रशी ती पुन्हा बोलू लागली आहे, थोडं थोडं. पण ताटं मात्र ती अजूनही पाचच मांडते, आणि मग एक उचलून परत फळीवर ठेवते.