घळीतून बाहेर

ती दातांची डॉक्टर होती आणि धाकटा भाऊ तिला चारचौघांतही 'दातवाली' म्हणूनच हाक मारायचा. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत वाकून पाहणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी कयाकमध्ये, एकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या होडीत, बसून खवळलेल्या पाण्यात का शिरते, हे तिच्या पेशंटांना कधी कळलं नाही. पण ती, भाऊ आणि त्या दोघांना वल्हं धरायला शिकवणारे मास्तर यांनी मिळून कितीतरी नद्या पालथ्या घातल्या होत्या, आणि या घळीतलं तर वळणन् वळण त्यांना पाठ होतं.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये हिरवट, फेसाळतं पाणी. मास्तर पुढे, ती मध्ये, भाऊ शेवटी. घळ अरुंद होते तिथे पाणी एका मोठ्या खडकावर आदळून उसळतं. मास्तर अलगद निघून गेले, पाठोपाठ तीही गेली, आणि खडकाआडच्या संथ पाण्यात कयाक वळवून तिने मागे पाहिलं, तेव्हा भाऊ उलटा झाला होता. तिला काळजी वाटली नाही. उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या एका फटक्यानं सरळ करणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता. पण कयाकचा तळ नुसताच पाण्यावर डुलत राहिला. मास्तर परत फिरले, तिच्या तोंडून किंकाळी फुटणार, इतक्यात कयाक सावकाश, झोपेत कुणी कूस बदलावी तशी, सरळ झाली.

भाऊ खोकला नाही. त्याला धापही लागली नव्हती.

"काय रे, झोप लागली होती का खाली?" मास्तरांनी हसण्याचा प्रयत्न केला.

"नाही," तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. "घाबरलीस का, ताई?"

जन्मात त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं. थट्टा असेल म्हणून ती हसली.

पुढचं पाणी तो फार सुरेख उतरला, मास्तरांपेक्षाही सुरेख. वल्हं जेमतेम बुडवत होता आणि नदी त्याला वाट करून देत होती. एरवी प्रत्येक उतारावर आरोळी ठोकणारा हा गडी आज गप्प होता. घळ संपल्यावर ती मुद्दाम त्याच्या शेजारी आली.

"अरे, बरा आहेस ना?"

तो हसला. लहानपणी सायकलवरून पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, आणि दवाखाना थाटल्यावर तिने पहिली कॅप बसवली ती त्याच दातावर. तिची कड तिला अंधारातही ओळखता आली असती. आता तिथे कॅप नव्हती. अख्खा दात होता, शेजारच्या दातासारखाच किंचित पिवळट, हिरडीतून आपला आपण उगवलेला.

तिचं वल्हं थांबलं.

"मास्तर, मागे जाऊ या."

"या पाण्यातून वर कोण जाणार? आणि कशासाठी? सगळे आलो की."

तिने वळून पाहिलं. घळीच्या तोंडाशी पाणी तेवढं घुसळत होतं. तिकडून आपल्याला कुणी हाक मारावी असं तिला वाटलं, आणि मारू नये असंही.

काठावर मास्तरीणबाई गाडी घेऊन थांबल्या होत्या. एके काळी त्याही उत्तम वल्हवायच्या. पण फार पूर्वी याच घळीत उलटल्या, खूप वेळानं वर आल्या, आणि तेव्हापासून त्यांनी पाण्याला पाय लावला नव्हता. शांत, मायाळू बाई. त्या दिवसापासून आमच्या घरात भांडण म्हणून नाही, असं मास्तर कौतुकानं सांगत.

मास्तर कयाक टपावर चढवू लागले. ती दोरी धरून उभी राहिली. बाईंनी टॉवेल उचलला, नवऱ्याकडे किंवा तिच्याकडे न बघता त्या सरळ भावापाशी गेल्या आणि त्याचं ओलं डोकं पुसू लागल्या. त्यानेही डोळे मिटून मान पुढे केली.

"किती वर्षं लावलीस रे," त्या हळूच म्हणाल्या.