कच्चं लिंबू

आमच्या लॉण्ड्रीच्या मागे चादरी वाळत घातल्या की अंगण नाहीसंच होतं. उरतात पांढऱ्या भिंती, त्याही हलणाऱ्या. वारा आला की खोल्या उघडतात, मिटतात, आणि आतून मुलांच्या सावल्या सरकत जातात. खिडकीशी इस्त्री करताना मी ते बघत राहते. वाफेत कधी कधी कळतही नाही, मी जागी आहे की उभ्या उभ्या डोळा लागलाय.

त्या चादरींत मुलं लपाछपी खेळतात. त्यांत माझी भाचीही असते. तिला आम्ही मिरची म्हणतो, कारण जीभ तशीच आहे. पायांत जन्मापासून बळ नाही, ती चाकाच्या खुर्चीतून फिरते. त्या खुर्चीचं एक चाक इतकं कुरकुरायचं की लपणं कसलं आणि काय! तरी ती कधी आउट झाली नव्हती. ती कच्चं लिंबू होती. खेळात घ्यायचं, पण राज्य द्यायचं नाही.

हे दादाचं, म्हणजे तिच्या बाबाचं काम. माझा भाऊ मेणाहून मऊ. त्याने मुलांना गोळा करून, खाऊ देऊन सांगितलं होतं, "तिला सांभाळून घ्या हं." मुलं गुणी, सांभाळत होती.

त्या दुपारी मिरची खेळ सोडून माझ्या टेबलापाशी आली. नाकाचा शेंडा लालबुंद.

"आत्या, मला राज्य हवंय."

"मग हो की आउट."

"होऊच देत नाहीत! आज मी मुद्दाम मधोमध जाऊन थांबले. गाणं म्हटलं. तरी नाही!"

माझं डोकंच फिरलं. इस्त्री बंद केली आणि तिच्या मागोमाग अंगणात गेले. राज्य शेजारच्या सुतारकाकांच्या थोरल्या मुलीवर होतं.

"काय गं, ही दिसली नाही तुला?"

"दिसली ना."

"मग?"

थोरली शहाण्यासारखी म्हणाली, "काकांनी सांभाळून घ्यायला सांगितलंय. म्हणून दिसली तरी आम्ही दिसली नाही म्हणतो."

मिरची खाली बघत चाकावर नख घासत राहिली.

"हे बघा," मी म्हटलं, "सांभाळायचं म्हणजे तिला खेळता येईल असा खेळ करायचा. आणि दिसली की दिसली म्हणायचं."

"मग पायऱ्यांवर लपायचं नाही," मिरचीला लगेच कंठ फुटला. "तिथे माझी खुर्ची चढत नाही."

"चालेल," थोरली म्हणाली. "पण तुझं चाक वाजतं, आम्हाला आधीच कळणार!"

"आत्या तेल घालेल."

मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी तेलाची बाटली आणली. मुलांनी वाटेतल्या बादल्या कडेला सरकवल्या.

नवा डाव सुरू झाला. खुर्ची आता आवाज न करता चादरींतून तरंगत गेली. एका चादरीवर तिच्या चाकाची मोठी गोल सावली उमटली, विरली, दुसरीवर उमटली. मी काम विसरून बघत राहिले. तेवढ्यात दादा ओल्या कपड्यांची टोपली घेऊन दारात आला, आणि थोरलीने नेमकी ती चादर उचलली. मागे मिरची.

थोरलीने दादाकडे पाहिलं. दादाने हळूच मान हलवली, नको. ती टोपली त्याच्याच डोक्यावर पालथी करावी असं मला वाटलं.

थोरली घुटमळली. मग ओरडली, "दिसली! मिरची आउट!"

"चीटिंग! वाऱ्याने चादर उडाली!"

"वारा कुठला? मी हाताने उचलली!"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. दादा पुढे धावणार, तोच मी त्याची बाही धरली.

"अगं, रडतेय ती!"

"भांडतेय. भांडू दे."

शेवटी राज्य मिरचीवर आलं. भिंतीकडे तोंड करून, डोळे झाकून ती मोठ्याने आकडे म्हणू लागली. मुलं पांगली. या वेळी खरीखुरी लपली, तोंडावर हात दाबून. अंगणात चादरी तेवढ्या हलत होत्या. दादा मात्र टोपली पोटाशी धरून दारातच उभा होता, डोळे भरलेले.

मिरचीने डोळे उघडले आणि खुर्ची गर्रकन वळवली.

"बाबा, बाजूला हो ना. तुझ्यामागे कुणी लपलं असेल तर मला दिसणार कसं?"

दादा बाजूला झाला.