दार भिंगरीने लावलं होतं

मित्रांनो, मी मोटारीतली एक जुनी बॅटरी आहे. सध्या बॅटरीवाल्या काकांच्या दुकानात मागच्या फळीवर, एका फुटक्या नरसाळ्याशेजारी पडून आहे. लवकरच मला वितळवायला नेतील. त्याचं मला काही वाटत नाही. पण जाण्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती तुमच्यापुढेच करायची आहे, कारण माझ्यामुळे जिला बोलणी खावी लागली, ती तुमच्याच वयाची होती.

कारखान्यात शिशाच्या पातळ पट्ट्या डब्यात दाटीवाटीने उभ्या करून, वर ॲसिड ओतून मला तयार केलं. पट्ट्या पातळ असल्या की सगळा जोर एका झटक्यात बाहेर पडतो. किल्ली फिरली की इंजिनाला दणका द्यायचा आणि मग निवांत बसायचं, एवढंच माझं काम. इंजिन सुरू झालं की ते मला पुन्हा भरून देतं.

एका सकाळी दुकानात नाचाच्या बाई आल्या. त्या शाळेच्या मैदानावर मुलींना नाच शिकवायच्या. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. तो वायरमन होता आणि विजेचं त्याला सगळं कळतं, असं त्याच्यासकट सगळ्या घराला वाटायचं.

"मला दोन-दोन तास गाडीच्या स्टिरिओवर गाणी लावायची असतात," बाई म्हणाल्या. "इंजिन बंद ठेवून. नाहीतर धूर पोरींच्या नाकातोंडात जातो."

काकांनी माझ्या शेजारणीवर, फळीवरच्या दुसऱ्या बॅटरीवर, हात ठेवला. "मग ही घ्या. हिचा झटका कमी आहे, पण दम मोठा. थोडं थोडं, खूप वेळ देत राहते. रिकामी झाली तरी भरली की पुन्हा उभी राहते."

भावाने वाकून दोघींवरचे आकडे वाचले. "ताई, हिचा चारशे आणि हिचा सहाशे. कमी जोराची कशाला घ्यायची?"

"तो आकडा गाडी सुरू करायचा आहे हो, गाण्यांचा नाही," काका म्हणाले.

"काका, मी रोज वायरींतच असतो," भाऊ हसला. घरात वायरमन असताना दुकानदाराचं काय ऐकायचं, असं बाईंना वाटलं असावं. त्यांनी मला उचलायला सांगितलं.

मित्रांनो, मी तेव्हा मूग गिळून बसले. बॅटरीला बोलता येत नाही, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी ब्र काढला नसता. सहाशे ऐकून माझी छाती फुगली होती. पहिली लाज ती.

पहिले काही महिने झकास गेले. बाई मैदानाच्या भिंतीशी गाडी लावायच्या, डिकी उघडायच्या आणि आठ मुली मागे नाचायच्या. गाणं लावायचं, बंद करायचं आणि गाडीची दारं बघायची, हे काम भिंगरीचं होतं. ही मुलगी एका जागी उभी राहायचीच नाही. दात घासतानाही गिरक्या घेते, असं तिची आई सांगायची. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. तास संपला की माझा एक दणका आणि गाडी सुरू. "कसली बॅटरी आणलीय," भाऊ म्हणायचा आणि मला बरं वाटायचं.

पण रिकामं होणं मला सोसत नाही. दर वेळी माझ्यातला थोडा दम कायमचा जायचा. बाईंच्या गाडीत बॅटरी दाखवणारा छोटा मीटर होता. मैदानावर पोचल्या की त्या त्यावर नजर टाकायच्या. गाडी नुकतीच थांबलेली असली की माझ्यासारखी थकलेली बॅटरीही थोडा वेळ टवटवीत दिसते. हिरवा दिवा लागायचा. आत फारसं काही उरलेलं नसताना मी रोज तो आव आणला.

मग कार्यक्रमाचा दिवस आला. पालक खुर्च्यांवर बसले होते. नाचाच्या शेवटी भिंगरी एकटी मधोमध येऊन सोळा गिरक्या घेणार होती. दोन महिने ती त्याच मोजत होती. ती पुढे आली. तिसऱ्या गिरकीला गाणं अडखळलं आणि बंद पडलं. ती हात पसरून तशीच उभी राहिली. मागे कोणीतरी हसलं.

बाईंनी धावत येऊन किल्ली फिरवली. माझ्यातून नुसती टकटक आली.

"गाडीतून शेवटचं कोण उतरलं?" बाईंनी विचारलं.

"मी. पिना घ्यायला गेले होते," भिंगरी म्हणाली.

"मग दार नीट लावलं नसशील. आतला दिवा जळत राहिला असणार."

"मी दार लावलं होतं, बाई."

"सकाळी हिरवा दिवा होता, भिंगरी. मी स्वतः बघितलाय. निदान खोटं तरी बोलू नकोस."

सगळ्यांसमोर. तिच्या आईसमोर. माझ्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून बाईंनी खरं बोलणाऱ्या मुलीला खोटं ठरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर भिंगरी तासाला आली नाही.

चार दिवसांनी गाडी ढकलत दुकानापाशी आणली. काकांनी मला रात्रभर चार्जिंगला लावलं, सकाळी बाई आणि भाऊ आल्यावर तपासायचं यंत्र जोडलं आणि काटा धपकन खाली आला.

"दार उघडं राहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"दाराच्या दिव्याने काही तासांत एवढं होत नाही, बाई. ही गाण्यांनी संपली. हिचं ते कामच नव्हतं."

भाऊ जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "ताई, मी निवडली होती."

"आणि ओरडले मी," बाई म्हणाल्या. माझ्या जागी काकांनी माझी ती शेजारीण बसवली आणि बाई तडक भिंगरीच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात भाऊ दुकानात आला, तेव्हा एवढंच कळलं की बाईंनी सगळ्या मुलींसमोर, त्यांच्या पालकांसमोर भिंगरीची माफी मागितली आणि ती परत येऊ लागली.

मित्रांनो, आपल्याला जे जमत नाही, त्याबद्दल कोणी वाहवा केली तर वेळीच सांगून टाका. आणि कोणी "मी केलं होतं" म्हणालं, तर मीटरकडे बघण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा.

काल बाईंची गाडी दुकानासमोर थांबली होती. भिंगरी खाली उतरली आणि तिने दार लावलं. मग ओढून बघितलं. मग पुन्हा ओढून बघितलं. बाई म्हणाल्या, "लागलंय गं." ती "हो" म्हणाली आणि तिने तिसऱ्यांदा ओढून बघितलं.

मी फळीवरून ते बघत होते.