गाऱ्हाण्यात घातलेला नेम

लाज वाटली की माझे कान तापतात. काल दुपारी आरतीनंतर जे तापलेत, ते अजून गार व्हायचं नाव घेत नाहीत.

आमच्या मालनला, म्हणजे बायकोला, लग्नाआधीपासून दाताला तंबाखूची मिश्री लावायची सवय. उठलं की डबी, जेवण झालं की डबी, माझ्याशी भांडायचं असेल तर आधी डबी. होळीच्या सुमारास दाताच्या डॉक्टरने तिच्या गालाच्या आत टॉर्च मारली आणि म्हणाला, पांढरा चट्टा आहे, मिश्री आजच बंद करा, नाहीतर कॅन्सर व्हायला वेळ लागत नाही. त्याच आठवड्यात माझ्या शुगरचा रिपोर्ट आला. तो बघून आमच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. रोज चाला, म्हणाल्या, नाहीतर इन्सुलिनची सुई आहेच.

घरी येऊन मालनने डबी माझ्यासमोर कचऱ्यात फेकली. "मी ही सोडते. तुम्ही चालायला लागा. तुम्ही नेम पाळलात तर मीही पाळीन."

मी छाती काढून हो म्हटलं. बोलायला आपल्या बापाचं काय जातंय!

पहिले काही दिवस चाललोसुद्धा. मरोळहून स्कूटरने पवईला जायचं आणि तळ्याच्या कडेने चालायचं. टाचा सोलल्या, पोटऱ्या भरून आल्या. मग एका सकाळी रस्त्यावरच्या उडप्याच्या हॉटेलातून हाक आली, "ए सुबोध, कुठे पळतोस रे? तळं काय उठून जाणार आहे?" आमच्या शेजारच्या गावठाणातला व्हिक्टर. त्यालाही त्याच्या रीटाने चालायला हाकललेलं आणि हा पठ्ठ्या मेदूवडा हाणत बसलेला. मी म्हटलं, जरा टेकतो. टेकलो तो टेकलोच.

तेव्हापासून आमचा मॉर्निंग वॉक म्हणजे वडे, जास्तीची चटणी आणि कॉफी. निघताना हॉटेलच्या बेसिनवर टी-शर्टची कॉलर, पाठ आणि काखा भिजवून घ्यायच्या. आयडिया व्हिक्टरची, पण पाठीवर पाणी नीट घामासारखं पसरवायची कला माझी. दोन टकले म्हातारे एकमेकांच्या पाठीवर पाणी उडवत खिदळायचो. वेटर पण हसायचे.

इकडे घरी मालनचे हाल कुत्रा खात नव्हता. डोकं धरून बसायची, पोट साफ व्हायचं नाही, भांडी आपटायची. एकदा तर ओट्याला टेकून रडली, "मेली एक चिमूट मिळाली असती तर!" पण हात लावला नाही. वर मी दारात आलो की कौतुक, "केवढा घाम काढलात हो!" आणि मेथीचं पाणी पुढे. मी ते गटागट पिऊन आंघोळीला पळायचो. वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, उद्यापासून खरंच चालूया, म्हणजे सांगायची गरजच नाही. तो उद्या काही उगवला नाही.

काल घरी गणपती आले. वाकोल्याहून माझे मोठे भाऊ, राजारामदादा आले. गाऱ्हाणं दरवर्षी तेच घालतात. ते एकेक मागणं देवापुढे मोठ्याने मांडणार आणि सगळ्या घराने 'होय महाराजा' म्हणून साक्ष द्यायची, ही आमची कोकणातली रीत. आरतीआधी मालन दादांच्या कानाशी लागली होती. मला वाटलं, आमच्या पोराच्या, सुयोगच्या नोकरीचं सांगत असेल.

"बा देवा गणपती महाराजा!" दादांनी सुरुवात केली.

"होय महाराजा!"

"सुयोगाक बरी नोकरी गावांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ह्या घरातल्या दोघांनी नेम धरलो हा. मालनीन मिश्री सोडल्यान. सुबोध रोज सकाळी उठान तळ्याकडे चलता हा, घाम गाळता हा. तेंच्या नेमाक यश दी, दोघांकय उदंड आयुष्य दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" घर दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज व्हिक्टरचा. रीटाला घेऊन दर्शनाला आला होता. वर मला कोपर मारून डोळा मारला, नालायक.

समोर मालन हात जोडून उभी, डोळे गच्च मिटलेले, ओठ थरथरत होते. माझ्यासाठी मागत होती हो ती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय रे सुबोध, तुझ्या तोंडाक काय झाला? होय म्हण," दादा म्हणाले.

"नाय महाराजा," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं मस्करी करतोय. "नाय, दादा. मी चालत नाय. हॉटेलात बसून वडे खातो. घाम नसतो तो, बेसिनचं पाणी असतं."

रीटाने नवऱ्याकडे असं पाहिलं की व्हिक्टर चपला शोधायला बाहेर गेला. दादांनी घसा खाकरला. "लेकरू चुकला-माकला असात, तर पदरात घे रे महाराजा." होय म्हणणारे थोडेच होते. मालन त्यात नव्हती.

तिने सगळ्यांना जेवायला वाढलं. मलाही वाढलं, मोदकावर तूप घातलं, सगळं नेहमीसारखं. त्यापेक्षा डाव फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "मालन, शिव्या घाल. काहीतरी बोल गं."

ती पातेलं घासत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तलफ आली ना, की मी खिडकीत उभी राहायचे. तुम्ही आत्ता तळ्यावर चालत असाल, धापा टाकत असाल, असं मनात आणायचे. म्हणायचे, हा माणूस एवढं पोट घेऊन चालतोय, आणि मला एक चिमूट सोडवत नाही? असे दिवस काढले मी. आता उद्या तलफ आली की काय मनात आणू?"



"उद्यापासून खरंच चालतो. तुझी शप्पथ."

"माझी शप्पथ नको. चाला. पण आल्यावर मला सांगू नका."

आज सकाळी गेलो. उडप्याकडे मान वळवली नाही. मळमळेपर्यंत चाललो आणि घरी आलो. मालन मोरीत पाठमोरी उभी होती. बोटाने दात घासत होती. पेस्ट होती की मिश्री, मला दिसलं नाही. मी न विचारता घामाने भिजलेला टी-शर्ट बादलीत टाकला.