टोइवोची पंगत

आर्वो लाहतिनेनने लाकडी चमचा पिंजऱ्याच्या उघड्या दारात धरला होता आणि चमच्यात एकच वाटाणा होता. जमिनीला टेकलेले गुडघे कुरकुरत होते, हात भरून आला होता. आतला हिरवा पोपट एका डोळ्याने वाटाण्याकडे बघत दांडीवर ढिम्म बसून होता.

"ये रे बाबा," आर्वो म्हणाला. "बाहेर कुणी खाणार नाही तुला."

टोइवोने पाठ फिरवली. आर्वोने वाटाणा स्वतःच खाल्ला आणि ओट्याचा आधार घेऊन उठला. आज शेवटचा प्रयत्न करून बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं. दुपारनंतर मार्लीसबाई येऊन पक्ष्याला घेऊन जाणार होत्या, आणि त्यांना आर्वोनेच बोलावलं होतं.

टोइवो मुळात त्याच्या बहिणीचा. हेल्मी त्याच्याहून मोठी. पायांनी दगा दिला तशी ती वसंतात डलूथ सोडून मुलीजवळ मिनिआपोलिसला, वृद्धांच्या निवासात राहायला गेली. तिथे पाखरांना मज्जाव होता. पिंजरा आर्वोच्या स्वयंपाकघरात ठेवताना ती रडली नाही. "याला सांभाळ," एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. लाहतिनेनांच्या घरात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नव्हती.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की याला रोज निदान तीन तास पिंजऱ्याबाहेर काढा, चार झाले तर उत्तम. नाहीतर हे पाखरू झुरतं आणि स्वतःचीच पिसं उपटतं. आर्वोने उभा जन्म गोदीवर खनिजाच्या मालगाड्या वेळेवर सोडण्यात घालवला होता. तीन तास म्हणजे तीन तास. सकाळी नऊला तो दार उघडायचा, समोर खुर्ची टाकायचा, हाताची घडी घालायचा आणि पोपटाकडे बघत बसायचा. बाराला दार बंद. मेपलच्या फांद्यांचं एक झाडही त्याने हौसेने उभं केलं होतं, त्याला दोर, मणी, घंटा, सगळा थाट. टोइवोने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार उघडं असो की मिटलेलं, त्याचं आपलं दांडीवर बसणं चालू. तोंडातून अवाक्षर नाही. आणि आता त्याच्या छातीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती.

यातलं हेल्मीला काहीच ठाऊक नव्हतं. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"बाहेर असतो ना रे?"

"तीन तास. कधी चारसुद्धा. तुझं कसं चाललंय?"

"झकास. खाली जेवणघरात सगळ्यांबरोबर जेवते. गप्पा काय, खिदळणं काय, विचारू नकोस."

"छान."

"छान."

दोघांचा फोन असा दोन 'छान'वर संपायचा. त्या गावात घराला आग लागली तरी माणसं म्हणतील, बरं चाललंय, जरा उकडतंय इतकंच. आपल्या अडचणीने दुसऱ्याला कशाला त्रास द्यायचा, या एका शिकवणीपायी त्यांनी किती साध्या गोष्टी अवघड करून ठेवल्या होत्या, देव जाणे.

मार्लीस ब्रांडवोल्ड आल्या त्या हातात प्रवासाचा छोटा पिंजरा घेऊनच. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, स्वेटरच्या खांद्यावर पोपटांनी कुरतडून केलेली भोकं. बेवारशी पोपटांना घर शोधून देण्याचं काम त्या आवडीने करायच्या. टोइवोची छाती बघून त्यांनी हळूच जिभेने टक् केलं.

"तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे याच्या जातीचे आणखी चार आहेत. सोबत मिळाली की रुळेल."

"बरोबर आहे," आर्वो म्हणाला. त्याला ते मुळीच बरोबर वाटत नव्हतं. रविवारी हेल्मीला काय सांगायचं, हा प्रश्न होताच. "मग... निघण्याआधी दोन घास खाऊन जा. हॉटडिश ओव्हनमध्ये आहे."

"छे छे, उगाच कशाला."

"भरपूर केलंय."

"घरी माझं सूप आहे हो."

दोन नकार झाले. तिकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि यजमान तिसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान आणि तिसऱ्यांदाही नको म्हणणारा पाहुणा, दोघांचीही गावभर चर्चा होते.

"शेवटी टाकूनच द्यावं लागेल," आर्वो म्हणाला.

"असं म्हणता? मग अगदी थोडं."

आता पाहुण्याला सिंकपाशी उभं करून तर वाढता येत नाही. आर्वोने टेबलाकडे पाहिलं. त्यावर मासेमारीचे गळ, वर्तमानपत्रं आणि पोटातल्या तारा बाहेर काढलेला रेडिओ होता. त्याने सगळा पसारा कवेत घेऊन पलंगावर नेऊन टाकला. खणात तळाशी आईचा टेबलक्लॉथ सापडला, तो अंथरला. वरच्या फळीवरून निळ्या काठाच्या बश्या काढल्या. बशीवर बशी आपटून किणकिणली, तसा पिंजऱ्यात काहीतरी खुसफुसल्याचा आवाज झाला.

आर्वोचं लक्ष नव्हतं. तो काटे-चमचे मांडत होता.

"हलू नका," मार्लीसबाई कुजबुजल्या.

टोइवो दारात आला होता. चोचीने गज धरत, एकेक पाय खाली टाकत तो उतरला आणि जमिनीवरून तुरुतुरु चालत निघाला, लग्नघरात उशिरा पोचलेल्या काकासारखा. खुर्चीच्या पायाला चोच लावून तो वर चढला, पाठीवर जाऊन बसला आणि पंख झटकून त्याने टेबलाची पाहणी केली. शेपटी पंख्यासारखी उघडली. डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या, लहान-मोठ्या होऊ लागल्या.

"याला काही होतंय का?" आर्वोने घाबरून विचारलं.

"खूश आहे तो."

"मीठ कमी आहे," टोइवो म्हणाला. आवाज थेट हेल्मीचा.

आर्वो मटकन खुर्चीत बसला. त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही लपवायला त्याने हॉटडिशचं भांडं पुढे ओढलं. खिमा, फरसबी आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. टोइवोसाठी त्याने वेगळ्या बशीत उकडलेले वाटाणे वाढले. ज्या वाटाण्यासाठी सकाळी इतकी मनधरणी झाली होती, ते आता पटापट गट्टम होऊ लागले.

"रोज तुम्ही जेवता कुठे?" मार्लीसबाईंनी विचारलं.

"सिंकपाशी, उभ्याने. तेवढंच एक भांडं कमी घासावं लागतं."

"आणि बहीण?"

"हेल्मी? ती एकटी असली तरी टेबल मांडल्याशिवाय कॉफी घेत नसे."

मार्लीसबाईंनी घास गिळला. "म्हणजे हा बोलावण्याची वाट बघत होता. अहो, तीन तास कुणी हाताची घडी घालून माझ्याकडे टक लावून बसलं, तर मीसुद्धा घराबाहेर पडणार नाही."

आर्वोने कान खाजवला.

"दाखवा की बहिणीला," म्हणत त्यांनी त्याचा फोन उचलला आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावूनच त्याच्या हातात दिला. आर्वोला नको म्हणायलाही वेळ मिळाला नाही. पडद्यावर हेल्मी आली, गोंधळलेली, केस विस्कटलेले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. हे बघ."

त्याने फोन खुर्चीकडे वळवला. हेल्मीने हात गालावर ठेवला. तिची नजर बश्यांवरून, टेबलक्लॉथवरून फिरली, मग पोपटाच्या उघड्या छातीवर येऊन थांबली.

"आर्वो," ती म्हणाली, "कधीपासून येतो हा बाहेर?"

आर्वोने टेबलक्लॉथवरची घडी बोटाने सारखी केली. तीन तास, कधी चार, हे शब्द जिभेवर तयार होते.

"आज," तो म्हणाला. "आजच आला. पहिल्यांदा."

तेवढ्यात आर्वोला तिच्या मागे पलंग दिसला आणि पलंगाशी ओढलेल्या चाकाच्या टेबलावर झाकलेलं ताट.

"तुझं जेवण वर आलंय?" त्याने विचारलं.

हेल्मीने मागे वळून ताटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"रोजच येतं," ती म्हणाली. "खाली ओळखीचं कुणी नाही रे. कुणाच्या टेबलाशी जाऊन बसायचं?"

आर्वोला काहीतरी बोलायचं होतं. इतकी वर्षं न बोललेलं एकदम कुठून आणणार? त्याने बशी पुढे ओढली आणि चमचा तिच्या काठावर वाजवला, एकदा, दोनदा. टोइवोने मान उंचावली. फोनमध्ये हेल्मीनेही.

"थांब," ती म्हणाली. "चपला कुठे ठेवल्यात बघते."

पडद्यावर छत आलं, मग भिंत, मग लिफ्टचं दार. आर्वोने फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला. मार्लीसबाईंनी दाराशी ठेवलेला छोटा पिंजरा पायाने बाजूला सारला, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेही कुणी न विचारता. फोनमधून आधी सावकाश पडणारी पावलं ऐकू आली, मग खूप माणसांची कुजबुज, मग बश्यांचा किणकिणाट. तो ऐकताच टोइवो खुर्चीच्या पाठीवरून सरकत सरकत फोनच्या अगदी जवळ येऊन बसला.

"इथे कुणी बसलंय का हो?" हेल्मीचा आवाज आला. जरासा कापरा.

आर्वोचा घास हातातच राहिला.

"मीठ कमी आहे," टोइवोने फोनला सांगितलं.

पलीकडे एक बाई खळखळून हसली. "अगदी खरं आहे," ती म्हणाली, आणि कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.