पुढचं डावं गैरहजर

पितांबर नानांच्या गाडीत चार महिन्यांपासून एक पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा पेटत होता आणि मनाला येईल तेव्हा विझत होता. गाडी पंधरा वर्षांची. म्हातारपणी असं काहीबाही व्हायचंच, असं म्हणून नानांनी त्या दिव्यावर बायकोची, लताबाईंची, एक टिकली चिकटवून टाकली.

दिवा झाकला गेला, दुखणं झाकलं गेलं नाही. वेगात असताना ब्रेक एकदम चोख. पण गाडी अगदी हळू करून थांबवायला गेलं की पायडल पायाखाली 'गर्रर्र' करायचं, उलटं पायालाच ढकलायचं, आणि गाडी हातभर पुढे जाऊन मग उभी राहायची. नानांना वाटायचं, खाली बसून कोणीतरी सुपारी दळतंय.

यावलच्या अभिमन मिस्त्रीनं गाडीला यंत्र लावून पाहिलं. "नाना, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची भानगड आहे. चाक किती फिरतं ते हा सेन्सर गाडीला सांगतो. तो मध्येच मुका होतो. गाडीला वाटतं, चाक जाम होऊन घसरायला लागलं. म्हणून ती आपणहून ब्रेक ढिला करते."

"म्हणजे ब्रेक दाबायचा मी आणि सोडायचा तिनं?"

"तसंच."

"आमच्या घरीही असंच चालतं," नाना म्हणाले आणि नवा सेन्सर घेऊन घरी आले.

केळीच्या बागेतली पाण्याची मोटर तीस वर्षं स्वतः खोललेला माणूस. बोटाएवढ्या सेन्सरसाठी मिस्त्री कशाला? नानांनी गाडीला जॅक लावला, समोर पाट टाकून गाडीकडे तोंड करून बसले आणि डाव्या हाताचं चाक काढलं. जुना सेन्सर गंजून असा रुतला होता, की पिळला तर डोकं हातात आलं आणि बूड आतच राहिलं. मग तेल, खिळा, पॉलिश पेपर. भोक आणि त्याच्या आजूबाजूचा गंज खरवडता खरवडता दुपारची संध्याकाळ झाली. नवा सेन्सर बसवला, गाडी चालू केली. दिवा विझलेला! नानांनी टिकली उपटून फेकली आणि लताबाईंना बाहेर बोलावून तो न पेटलेला दिवा दाखवला.

चार दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. लेक भाविका शिंदखेड्याला दिलेली. खरं म्हणजे दिलेली नव्हे. तिनं जळगावच्या कॉलेजात योगेंद्रशी स्वतःच जमवलं होतं, आणि दोन्हीकडच्यांनी वर्षभर तोंडं फिरवून मग लग्न लावलं होतं. त्यामुळे विहीणबाईंशी नानांचं बोलणं अजून 'या, बसा, चहा घ्या' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. विहीणबाई, प्रमिलाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. समोरच्याकडे बघायची त्यांची रीत अशी, की माणसाला वाटावं आपला गृहपाठ राहिलाय. आखाजीला लेक माहेरी आणायची तर थाटात आणायची, म्हणून नाना गाडी धुऊन, केळीचा घड मागे टाकून, चोपडा-शिरपूर करत शिंदखेड्याला पोचले.

दारासमोर प्रमिलाबाईंनी नुकतेच खाटेवर धोतर पसरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठाले पापड, घातले होते. नानांनी गाडी अलगद वळवली. गाडी नेमकी खाटेच्या अलीकडे, वीतभर अंतरावर उभी करायची, म्हणजे ड्रायव्हिंग काय असतं ते विहीणबाईंनाही कळेल, असा त्यांचा बेत. त्यांनी ब्रेक दाबला.

"गर्रर्र," पायडल म्हणालं.

गाडी शांतपणे, कोणालाही न दुखवता, खाटेपर्यंत गेली आणि तिनं खाट उचलून आडवी केली. ओले बिबडे एकेक करून बॉनेटवर येऊन बसले. बॉनेट शिरपूरपासून तापलेलं. दोन तर तिथेच वाळायला लागले.

प्रमिलाबाई एरवी पुस्तकातलं मराठी बोलत. रागावल्या की अहिराणीवर येत.

"व्याही! हाई काय शे? मना बठ्ठा बिबडा गयात ना!"

"ब्रेक लागला होता, विहीणबाई. पण गाडीनं सोडला," नाना म्हणाले. हे वाक्य गाडीत जितकं खरं वाटलं होतं तितकं बाहेर वाटलं नाही.

भाविका धावत आली, बापाकडे पाहून, बॉनेटकडे पाहून पदर तोंडाशी धरून परत आत गेली.

पाणी झालं, चहा आला. प्रमिलाबाई पुन्हा पुस्तकावर आल्या. "या गाडीत मी सुनेला बसू देणार नाही. काय बिघाड आहे?"

नानांनी अभिमननं सांगितलेलं सगळं सांगितलं. पुढचा डावा सेन्सर स्वतःच्या हातानं बदलल्याचंही, जरा मान वर करून.

"डावा म्हणजे कोणाचा डावा?"

"म्हणजे?"

"फळ्याकडे तोंड करून डावा, की वर्गाकडे तोंड करून?"

नाना बशीत चहा ओतत होते तो तसाच ओतत राहिले. बशी भरली, चहा धोतरावर आला. पाट, गाडीकडे केलेलं तोंड, डावा हात. गाडीत बसलेल्या माणसाचं ते उजवं होतं!

"बरोब्बर डावाच," नाना म्हणाले.

प्रमिलाबाईंनी फोन उचलला. धुळ्याला त्यांची एक विद्यार्थिनी, मेघा, गॅरेज चालवत होती. मेघानं सांगितलं, ब्रेक आपोआप सोडणाऱ्या त्या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवा. साधे ब्रेक चालतील, पण सावकाश या. नानांनी फ्यूज काढला. खरोखरच गाडी आता जिथल्या तिथे थांबत होती. तेव्हा कुठे बाईंनी भाविकाला बॅगेसकट मागे बसू दिलं. तरी धुळ्यापर्यंत पुढच्या सीटवर बसलेल्या प्रमिलाबाईंनी प्रत्येक गतिरोधकाला "ब्रेक!" असा आवाज दिला, आणि नानांनी प्रत्येक वेळी लहान मुलासारखा दाबला.

मेघानं गॅरेजात पहिल्यांदा हात पुसून बाईंना नमस्कार केला, मग फ्यूज बसवून गाडीला यंत्र जोडलं. "नाना, तुम्ही मागच्या मोकळ्या मैदानात गाडी चालवा. बाई, तुम्ही यावर चारी चाकांचा वेग वाचा."

पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाई. त्यांनी चष्मा चढवला.

"पुढचं उजवं, वीस. मागचं उजवं, वीस. मागचं डावं, वीस. पुढचं डावं, वीस. चला, सगळे हजर. आता हळू करा."

नानांनी हळू केली.

"बारा, बारा, बारा, बारा. नऊ, नऊ, नऊ... पुढचं डावं शून्य! गैरहजर! आलं, आठ. पुन्हा गैरहजर!"

"गर्रर्र," पायडल म्हणालं.

"आणि व्याही, पुढचं उजवं सगळ्यांत नियमित आहे. एकदाही चुकलं नाही."

मागच्या सीटवर भाविकाला बापाचे लाल झालेले कान दिसत होते. नानांनी गाडी उभी केली. "विहीणबाई, मी उजवा बदलला," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "डावा समजून."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

मेघानं डावं चाक काढलं. तेल सोडून, हलक्या हातानं ठोकत, तासाभरात तिनं जुना सेन्सर अख्खाच्या अख्खा बाहेर काढला आणि नवा बसवला. पुन्हा मैदान, पुन्हा हजेरी. वीस, बारा, नऊ.

"गैरहजर!" बाई ओरडल्या.

आता मेघाचा चेहरा उतरला. तिनं चाक पुन्हा काढलं. नवा सेन्सर, वायर तपासलेली, तरी तेच. ती वायरिंगचा कागद शोधायला आत गेली. नाना मात्र उघड्या चाकापाशी उकिडवे बसले. त्यांनी सेन्सरच्या कडेला नख घातलं. नख आत गेलं. मग पलीकडे जाऊन, उजव्या चाकात हात घालून चाचपलं. तिथे नख शिरत नव्हतं.

"मेघाताई," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. हा सेन्सर बसलेला नाही, नुसता टेकलाय. खाली गंजाचा थर आहे, त्यानं वर उचलला गेलाय. उजवीकडे मी तो अर्धा दिवस खरवडला होता."

मेघानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सेन्सर चाकापासून लांब राहिला. वेगात असताना त्याला ऐकू येतं, हळू फिरलं की ऐकू येत नाही. नाना, हे मलाच दिसायला पाहिजे होतं."

"खिळा आहे का? आणि पॉलिश पेपर?" नाना बाह्या सारत म्हणाले. ते काम त्यांनी मेघाला करू दिलं नाही. स्वतः खरवडलं, फुंकलं, पुन्हा खरवडलं. सेन्सर 'टक' करून खाली बसला.

या खेपेला बाईंनी नऊ वाचलं, सहा वाचलं, चार वाचलं. चौघेही शेवटपर्यंत हजर. पायडल गप्प. मैदानाच्या कडेला झोपलेल्या कुत्र्याच्या दोन हात अलीकडे गाडी थांबली. कुत्र्यानं एक डोळा उघडून परत मिटला.

"म्हणजे जुना सेन्सर?" नानांनी विचारलं.

"तोही चांगलाच असणार, नाना."

"आणि उजवीकडचा मी मोडला तो?"

"तो तर पहिल्यापासूनच बिनचूक होता."

यावर प्रमिलाबाई हसल्या. तोंडावर पदर नाही, काही नाही. गॅरेजमधल्या टायरवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नाना आधी ओशाळले, मग त्यांनाही आवरेना.

ऊन कलायला आलं. धुळ्याहून आता शिंदखेड्याला परत जायचं, की इथूनच पारोळ्यामार्गे जळगाव आणि पुढे यावल? भाविकाची बॅग गाडीतच होती. "मला स्टँडवर सोडा, मी एसटीनं जाईन," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आखाजीला एकट्याच?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

"योगेंद्र आहे की. आणि मला कुठे जायचंय? भाऊ होता तोवर जात होते. आठ वर्षं झाली त्याला."

नानांनी किल्ली हातात घोळवली. "विहीणबाई, रागावू नका, पण मग यावलला चला. लेकीची सासू म्हणून नका येऊ. माझी धाकटी बहीण समजून चला."

"धाकटी? मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, व्याही."

"मग अक्का. अक्का म्हणून चला. झोका बांधलाय आंब्याला."

"आनी साडी? अंगवरनी एक साडी लिसन जाऊ का?" बाई अहिराणीवर आल्या होत्या. या वेळी मात्र त्यात राग नव्हता. त्यांनी मुलाला फोन लावला, जेवणाचं सांगितलं, दाराला कडी नीट घाल म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

एरंडोल येईपर्यंत त्यांनी नानांना तीनदा गाडी हळू घ्यायला सांगितली आणि दोनदा, इतकी हळू का म्हणून विचारलं. भाविका मागे, गडबडीत उतरवायचाच राहिलेल्या केळीच्या घडाला टेकून झोपून गेली.

एरंडोलला उसाच्या रसाला थांबले तेव्हा नानांनी घरी फोन केला. "निघालोय. जेवायला एक पान जास्त धर. अक्का येतायत."

"कोण अक्का?" लताबाईंनी विचारलं.

"आपल्या विहीणबाई."

फोनमधून कसलं तरी मोठं भांडं खाली पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून लताबाईंचा: "आणि हे आत्ता सांगून राहिले तुम्ही?"